रोझच्या भिंतींवर: नोव्हेंबर २००९मधले चार दिवस

गुरुवार, १२ नोव्हेंबर

रोझ आर्ट म्युझियमने स्वतःच्या संग्रहातल्या कामांचं प्रदर्शन २८ ऑक्टोबरला उघडलं आणि पंधरा दिवसांत मी बॉस्टनला येऊन दाखल झाले. एरवी कुठल्या प्रदर्शनासाठी मी इतकी घाई करत नाही. पण जानेवारीपासून मनात एक धास्ती घर करून होती. यातली कितीतरी चित्रं मी वर्षानुवर्षं पुस्तकांत पाहिली, वर्गात मुलांना दाखवली, त्यांच्यावर बोलले. ती प्रत्यक्ष बघायला जाईन तोवर तिथे असतील ना?

झालं होतं असं. २६ जानेवारी २००९ला मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रँडाइस विद्यापीठाच्या विश्वस्तांनी एकमताने ठराव केला की विद्यापीठाचं कलासंग्रहालय, म्हणजे हे रोझ, बंद करायचं आणि संग्रह विकायचा. शेअर बाजार कोसळून विद्यापीठाची गंगाजळी साधारण पावपट आटली होती. त्यातच डिसेंबरात बर्नार्ड मॅडॉफचा गुंतवणुकीचा घोटाळा उघडकीला आला आणि विद्यापीठाला सढळ हाताने देणाऱ्या घरांचेच पैसे त्यात बुडाले. समोर तूट, आणि तळघरात सहा हजारांहून जास्त कलाकृती. त्यांची किंमत सुमारे ३५ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या तेव्हा सगळीकडे होत्या. अडीअडचणीला घरातलं सोनं मोडावं, तसा हा विचार. संग्रहालयाचे संचालक मायकेल रश यांना हे कळलं ते त्याच दिवशी.

तीनच दिवसांनी विद्यार्थ्यांनी संग्रहालयात ठिय्या दिला. देशभरातल्या संग्रहालयांच्या संचालकांनी जाहीर निषेध केला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला विद्यापीठाचे अध्यक्ष जेहुदा राइनहार्ट्झ यांनी पत्र काढून झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला आणि संग्रहालय लोकांसाठी बंद होणार नाही, त्याला शिक्षणाशी जास्त जोडून घेऊ, असं कळवलं. चित्रं विकणार नाही, असं मात्र त्या पत्रात कुठेही नव्हतं. जूनअखेर रश यांची नेमणूक संपली. जुलैमध्ये संग्रहालयाच्या सल्लागार मंडळातले तिघे कोर्टात गेले. त्यांतली एक रोझ कुटुंबातली.

म्हणजे मी आले तेव्हा संग्रहालय उघडं होतं, संचालक नव्हता, खटला चालू होता आणि भिंतींवर नेमकी तीच चित्रं लावली होती ज्यांच्यावरून हे सगळं पेटलं होतं.

ताईचं घर केंब्रिजमध्ये, पोर्टर स्क्वेअर स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ. रात्री भाची माझी बॅग वर घेऊन जाताना म्हणाली, "मावशी, शनिवारी मी येते तुझ्याबरोबर. पण आधीच सांगते, मला विश्वस्तांचं म्हणणं पटतं."

मी म्हटलं, "मग तर तू यायलाच हवंस."

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

आज पाय मोकळे करायला हार्वर्ड स्क्वेअर. भाचीला दुपारपर्यंत तास नव्हते, म्हणून ती बरोबर होती. ती दुसऱ्या एका विद्यापीठात अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फीचं कर्ज तिच्या स्वतःच्या नावावर आहे, त्यामुळे विद्यापीठांच्या पैशांचा विषय निघाला की तिचा आवाज वेगळा लागतो.

हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयाची इमारत नूतनीकरणासाठी २००८पासून बंद आहे. ते मला ठाऊक होतं, तरी क्विन्सी स्ट्रीटवर त्या बंद दारासमोर जरा वेळ थांबले. फॉगमध्ये पॉल सॅक्स १९२१पासून संग्रहालय चालवण्याचा अभ्यासक्रम शिकवत. पंचवीसएक वर्षं तो चालला आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या संग्रहालयांचे संचालक त्यातून बाहेर पडले. त्या वर्गात वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून बघायला शिकवत. विद्यापीठाच्या संग्रहाचा खरा उपयोग तो. शहरातल्या मोठ्या संग्रहालयात आपण पाहुणे असतो. विद्यापीठातल्या संग्रहालयाशी मुलगा किंवा मुलगी चार वर्षं शेजाऱ्यासारखं राहते. पाऊस आला म्हणून आत शिरते, मैत्रिणीची वाट बघताना एकाच चित्रासमोर दहा वेळा बसते.

शेजारच्या सॅकलर इमारतीत हार्वर्डच्या तिन्ही कलासंग्रहालयांतल्या निवडक वस्तू एकत्र मांडल्या आहेत. त्या पाहिल्या, छान आहेत, पण आज माझं लक्ष तिथे नव्हतं.

लक्ष होतं ते होल्योक सेंटरवर. चौकातली ही काँक्रीटची उंच इमारत वास्तुकार जोसेप लुईस सर्ट यांची. १९६४मध्ये तिच्या दहाव्या मजल्यावरच्या भोजनाच्या दालनात चित्रकार मार्क रॉथकोची पाच प्रचंड चित्रं लावली गेली. रॉथकोने ती विद्यापीठाला दिली होती. खोलीला मोठमोठ्या खिडक्या, आणि चित्रांतल्या किरमिजी रंगात लिथॉल रेड नावाचं उन्हाला अजिबात न टिकणारं रंगद्रव्य. पंधरा वर्षांत लाल उडत गेला आणि काही ठिकाणी फिका निळा उरला. १९७९मध्ये चित्रं उतरवून कोठारात ठेवली, ती आजही तिथेच आहेत.

खाली उभी राहून मी दहाव्या मजल्याकडे बघत होते. भाची म्हणाली, "म्हणजे सगळ्यांत श्रीमंत विद्यापीठालाही चित्रं सांभाळता आली नाहीत."

"नाही आली," मी म्हटलं. "पण विकलीही नाहीत. रंग उडालेली चित्रं तीस वर्षं जपून ठेवलीत, कधीतरी काही उपाय सापडेल म्हणून."

ती गप्प झाली, पण पटलं म्हणून नव्हे. संध्याकाळी घरी वाद रंगलाच. तिचं म्हणणं सरळ होतं. प्राध्यापक कमी केले, वर्ग मोठे झाले, शिष्यवृत्त्या आटल्या, तर ज्या मुलांनी पैसे भरलेत त्यांचं शिक्षण बिघडतं. तळघरात हजारो चित्रं पडून असतील आणि त्यांतली बरीचशी दहा-दहा वर्षं कुणाच्या नजरेला पडत नसतील, तर त्यांच्यासाठी एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती का जावी? "मावशी, ते चित्र उद्या न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने घेतलं तर ते मरत नाही. पण ती मुलगी घरी परत जाते."

या प्रश्नाला मी झटकन उत्तर दिलं नाही. प्रश्न खरा आहे. मी शिकवते, मुलं पैशापायी शिक्षण सोडतात तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय.

मग मी तिला व्हर्जिनियातल्या रँडॉल्फ कॉलेजची गोष्ट सांगितली. १९२०मध्ये तिथल्या विद्यार्थिनींनी आणि गावकऱ्यांनी पैसे गोळा करून जॉर्ज बेलोजचं 'मेन ऑफ द डॉक्स' हे चित्र घेतलं. थंडीतला धक्का, कामाची वाट बघत उभे असलेले मजूर, मागे मोठं जहाज. कॉलेजच्या संग्रहाचा पाया या चित्राने घातला. २००७च्या ऑक्टोबरात कॉलेजने हे आणि आणखी तीन चित्रं भिंतीवरून काढून लिलावासाठी पाठवली. त्यांतलं रुफिनो तामायोचं एक चित्र २००८मध्ये ७० लाख डॉलरच्या वर विकलं गेलंसुद्धा. "ज्या मुलींनी वर्गणी काढली," मी म्हटलं, "त्यांनी ती पुढच्या मुलींसाठी काढली होती. कॉलेज त्यांच्या आणि पुढच्यांच्या मधला राखणदार होता."

"राखणदार उपाशी असेल तर?" ती म्हणाली.

ताईने दिवा मालवला, म्हणून वाद थांबला.

शनिवार, १४ नोव्हेंबर

सकाळपासून पाऊस. पोर्टरहून फिचबर्ग लाइनची गाडी पकडली. शनिवारी गाड्या मोजक्याच, त्यामुळे वेळ साधून निघावं लागलं. बेल्मंट, वेव्हर्ली, मग वॉल्थम. वॉल्थम हे घड्याळांचं गाव. इथल्या वॉल्थम वॉच कंपनीने एकोणिसाव्या शतकात यंत्रावर सुटे भाग बनवून खिशातली घड्याळं सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. १९५७मध्ये घड्याळांचं काम थांबलं. पुढचंच स्टेशन ब्रँडाइस-रॉबर्ट्स. उतरलं की समोर विद्यापीठाची टेकडी.

विद्यापीठ वयाने लहान, १९४८चं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले ज्यू न्यायमूर्ती लुईस ब्रँडाइस यांचं नाव त्याला दिलं आहे. त्या काळी अनेक नामवंत विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांची संख्या ठरवून कमी ठेवली जाई. अशा वेळी ज्यू समाजाने पुढाकार घेऊन जातधर्म न बघता सगळ्यांना खुलं असलेलं विद्यापीठ काढलं. पिढ्यान्‌पिढ्या साठलेला निधी नाही, शंभर वर्षांचे माजी विद्यार्थी नाहीत. जे उभं राहिलं ते देणग्यांवर. विश्वस्तांची अडचण मला इथे, या चढावर, जास्त उमगली. ज्यांची देणगी हाच कणा, त्यांचेच पैसे बुडाले, तर घाबरगुंडी उडणारच.

रोझ स्टेशनपासून फार लांब नाही, स्पिंगोल्ड नाट्यगृहाच्या जवळच. बाहेरून इमारत अगदी साधी: फिकट रंगाची पेटी, पुढे काच. १९६१ची, हॅरिसन अँड अब्रामोविट्झ या वास्तुकारांची. एडवर्ड आणि बर्था रोझ यांच्या देणगीतून ती उभी राहिली. छत्र्या दारात ठेवल्या. आत पाय टाकला आणि मधोमध खाली उतरणारा जिना दिसला. जिन्याखाली पाण्याचं उथळ कुंड आहे हे मी वाचलं होतं, पण वाचून त्याची कल्पना येत नाही. बाहेर पावसाचं पाणी, आत खाली हे स्थिर पाणी, आणि मधे चित्रं. भाची कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत राहिली.

या संग्रहाचा जीव कशात आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिले संचालक सॅम हंटर. १९६२च्या सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी त्या वेळच्या अमेरिकी चित्रकारांची निवड केली होती. त्याच सुमाराला लिऑन मनुचिन आणि हॅरिएट गेव्हर्ट्झ-मनुचिन या जोडप्याने विद्यापीठाला ५०,००० डॉलर दिले, चित्रं घ्यायला. हंटर यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला: एका कामाला ५,००० डॉलरहून जास्त द्यायचे नाहीत. म्हणजे प्रस्थापित नावं आपोआप बाद. उरले ते तरुण, ज्यांच्याविषयी अजून कुणाचंच मत ठरलं नव्हतं. ते न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत आणि गॅलऱ्यांत हिंडले आणि एकवीस कामं घेऊन आले. जास्पर जॉन्स, रॉबर्ट राउशेनबर्ग, रॉय लिक्टनस्टाईन, अँडी वॉरहॉल, जेम्स रोझेनक्विस्ट, क्लेस ओल्डनबर्ग, एल्सवर्थ केली, मॅरिसोल. आज ही यादी वाचताना छाती दडपते. तेव्हा ती एका माणसाच्या नजरेवर टाकलेला विश्वास होती. तो विश्वास टाकणारं विद्यापीठ जेमतेम चौदा वर्षांचं होतं.

आता ती भिंतींवर माझ्यासमोर.

लिक्टनस्टाईनचं 'फरगेट इट! फरगेट मी!' पुस्तकात तळहाताएवढं दिसतं. प्रत्यक्षात ते माणसाहून उंच आहे. कॉमिकच्या चौकटीतून उचललेलं भांडण, पुढे पुरुष, मागे सोनेरी केसांची बाई. जवळ गेलं की ठिपके हाताने काढलेत हे कळतं. रांगा कुठे कुठे किंचित हलल्या आहेत. छापील पुनर्मुद्रणात हा हात पार पुसला जातो, आणि मी इतकी वर्षं मुलांना सांगत होते की लिक्टनस्टाईनने यंत्राची नक्कल केली. आता तसं सांगणार नाही.

वॉरहॉलचं 'सॅटर्डे डिझास्टर' एका बाजूला. मोटार अपघाताचा वर्तमानपत्री फोटो, काळा-पांढरा, वर-खाली दोनदा छापलेला. भाची त्याच्यासमोर थोडी मागे सरकली. ती म्हणाली, "हे कुणी घरात का लावेल?" मी म्हटलं, "घरात लावणार नाही म्हणूनच ते इथे हवं." नंतर मला वाटलं की या संपूर्ण सहलीत माझ्या तोंडून निघालेलं हे सगळ्यांत नेमकं वाक्य असावं. लिलावात विकत घेणारा घरात किंवा तिजोरीत ठेवणार. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना मरणाकडे आणि आपल्या बघण्याच्या सवयीकडे असं रोखून बघायला लावणारी जागा विद्यापीठात नसेल, तर कुठे असेल?

डी कूनिंगचं १९६१चं शीर्षकहीन चित्र गुलाबी-पिवळं, ओलं वाटावं इतकं ताजं. त्याच्यावर जास्त लिहीत नाही. त्याला शब्द लागत नाहीत.

राउशेनबर्गचं 'सेकंड टाइम पेंटिंग' मात्र मला खिळवून गेलं. त्यात चक्क एक घड्याळ बसवलं आहे. आम्ही तासाभरापूर्वीच घड्याळांच्या गावातून आलो होतो. याच्या आधीचं 'फर्स्ट टाइम पेंटिंग' राउशेनबर्गने १९६१मध्ये पॅरिसला, अमेरिकी वकिलातीच्या रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर रंगवलं होतं. घड्याळाचा गजर झाला की चित्र पूर्ण. वेळ संपली म्हणून काम थांबवायचं, ही त्या चित्राची रीत. ज्या इमारतीचे दिवस मोजले जात होते तिथे ते बघताना पोटात कालवलं.

शेवटी जॉन्सचं 'ड्रॉवर', १९५७चं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. कॅनव्हास राखाडी, गरम मेणात कालवलेल्या रंगाने थापलेला, आणि त्याच्या खालच्या भागात ड्रॉवरचा दर्शनी भाग बसवलेला, दोन मुठींसकट. बस्स. मुठी दिसल्या की हात आपोआप पुढे जातो, आणि ड्रॉवर उघडणार नाही हे डोळ्यांना आधीच ठाऊक असतं. त्या दोन गोष्टींमधे माणूस अडकून पडतो. मेणाचा थर मुठींभोवती जाड झाला आहे. कोणीतरी आपल्यापुरतं काहीतरी आत ठेवून वरून रंग देऊन टाकलाय, असं मला नेहमी वाटे. प्रत्यक्ष बघितल्यावरही तसंच वाटलं.

भाची बाकावर येऊन बसली. "आत काय असेल?" तिने विचारलं.

"काही नसेल."

"मग विकलं काय आणि कोठारात ठेवलं काय, या ड्रॉवरला काय फरक पडतो?"

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. ग्रॅहम गंड यांनी २००१मध्ये बांधलेल्या लोइस फॉस्टर दालनाकडे आम्ही वळलो. उंच, उजेडाचं दालन आहे, एका कुटुंबाने दिलेलं. ज्या लोइस फॉस्टरचं नाव दारावर आहे, ती खटला भरणाऱ्या तिघांत आहे. तिचं नाव तिथे वाचताना मी भाचीकडे पाहिलं. तिने ते दोनदा वाचलं.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनवर आडोसा कमी आणि पाऊस तिरपा. रश यांचं म्हणणं मी तिला सांगितलं: संग्रहालय आपला खर्च देणग्यांतून भागवत होतं, विद्यापीठाच्या अंगावर पडत नव्हतं. म्हणजे बंद करून वाचणार ते थोडं. मिळणार होतं ते फक्त विकून. आणि अमेरिकेतल्या संग्रहालय संचालकांच्या संघटनेचा नियम २००९मध्ये असा होता की संग्रहातलं काम विकलंच, तर तो पैसा नव्या कामांच्या खरेदीलाच वापरायचा, पगाराला किंवा छपराला नाही. हा कायदा नाही. कायदा वेगळ्याच बाजूने येतो: ज्याने ज्या हेतूने दिलं तो हेतू मोडता येतो का, हे राज्याचं ॲटर्नी जनरल कार्यालय बघतं.

"पण नियम असा का?" तिने विचारलं. "घर विकून आजारपण निभावतातच ना लोक?"

"कारण एकदा संग्रह म्हणजे गंगाजळी असं ठरलं, की प्रत्येक मंदीत हिशेबनीस तळघरात उतरणार. आणि पुढे कुणी चित्र देणार नाही. मी माझं चित्र तुला पोरांसाठी देते. तू ते पुढच्या मंदीत विकणार असशील, तर मी स्वतःच विकीन आणि पैसे माझ्या घरात ठेवीन."

"हं," ती म्हणाली. गाडीचे दिवे दिसले.

रविवार, १५ नोव्हेंबर

आज पुन्हा गेले. एकटीच जाणार होते, पण भाची आपणहून बूट घालून दारात उभी राहिली.

इतर चित्रांना नुसता नमस्कार केल्यासारखं करून 'ड्रॉवर'समोर बसले. सोबत छोटी वही आणि पेन्सिल होती. तासभर रेखाटत बसले. एखादी गोष्ट काढायला घेतली की ती खरी दिसायला लागते. दोन मुठींवर मेण सारखं चढलेलं नाही. राखाडी हा एक राखाडी नव्हे. खाली कुठेतरी ऊब आहे. ड्रॉवरच्या कडेची फट रंगाने कुठे बुजली आहे, कुठे उघडी आहे. माझ्यामागून विद्यार्थ्यांचे दोन घोळके गेले. एका मुलीने थांबून माझ्या वहीत डोकावलं, मग चित्राकडे पाहिलं, मग पुन्हा वहीत. "यू मिस्ड द शॅडो," ती म्हणाली, आणि खरंच उजव्या मुठीची सावली राहिली होती. मी ती काढली. ती मुलगी पुढे निघून गेली, पाठीवर दप्तर, बहुतेक लायब्ररीकडे.

भाची तोवर बाकावर वही काढून आकडेमोड करत होती. मला वाटलं अभ्यास करतेय. थोड्या वेळाने तिने वही पुढे केली.

"मावशी, १९६२चे ५,००० डॉलर महागाई धरून आजचे साधारण पस्तीस हजार होतात."

"बरं मग?"

"पस्तीस हजारांत आज यांतलं काय येईल?"

"काही नाही. जॉन्सच्या एखाद्या छापचित्रापाशी येऊन थांबशील."

तिने वही मिटली. "म्हणजे विकून आलेल्या पैशात पुन्हा हे जमवता येणार नाही. कितीही पैसे आले तरी. त्या वेळी कुणाला यांची किंमत माहीत नव्हती, म्हणून ही जमली." थोडं थांबून ती म्हणाली, "शिष्यवृत्तीचा प्रश्न तरीही राहतोच."

"राहतो," मी म्हटलं. आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. तिने प्रश्न सोडला नाही याचा मला आनंदच झाला, आणि तो प्रश्न घेऊन ती 'ड्रॉवर'समोर बसली होती याचाही.

निघताना जिन्यावरून एकदा खाली पाहिलं. कुंडात पाणी निवांत होतं.

नंतरचं

वरच्या नोंदी त्या चार दिवसांतल्या. पुढचं आता जोडते.

२०११च्या जूनअखेर खटला तडजोडीने मिटला. संग्रहालय विद्यापीठाचंच राहील, लोकांना खुलं राहील, आणि संग्रहातली कामं विकण्याचा विद्यापीठाचा कोणताही इरादा नाही, असं जाहीर झालं. तोवर विद्यापीठाला नवे अध्यक्ष आले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, पन्नासाव्या वर्षी, डागडुजी होऊन रोझ पुन्हा उघडलं. जिन्याखालचं ते कुंड मात्र या दुरुस्तीत गेलं. याचं मला वाईट वाटतं, जरी जमिनीखालच्या दालनात चित्रांशेजारी पाणी असणं धोक्याचं हे मलाही समजतं.

मायकेल रश मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या नव्या ब्रॉड कला संग्रहालयाचे पहिले संचालक झाले. ज्या माणसाला एका विद्यापीठाचं संग्रहालय मिटताना बघावं लागलं, त्याने दुसऱ्या विद्यापीठात एक उघडलं, २०१२मध्ये, वास्तुकार झाहा हदीद यांनी रचलेल्या इमारतीत. २०१५मध्ये ते गेले.

रॉथकोची उडालेली चित्रं २०१४मध्ये हार्वर्डने नव्या इमारतीत पुन्हा मांडली. कॅनव्हासला हात न लावता, प्रोजेक्टरने मोजून-मापून रंगीत प्रकाश टाकून मूळचा किरमिजी परत आणला.

बेलोजचं 'मेन ऑफ द डॉक्स' वाचलं नाही. २०१४च्या फेब्रुवारीत ते लंडनच्या नॅशनल गॅलरीला २ कोटी ५५ लाख डॉलरला विकलं गेलं. ते आता लाखो लोकांना दिसतं, हे भाचीचं म्हणणं खरं ठरलं. ज्या गावाने वर्गणी काढली होती त्या गावात ते नाही, हे माझं.

२०१४मध्येच रोझच्या दारासमोर क्रिस बर्डनचं 'लाइट ऑफ रीझन' उभं राहिलं: जुन्या काळच्या रस्त्यांवरचे दिव्यांचे चोवीस खांब, ओळींनी. पुढच्या एका हिवाळ्यात भाचीने त्यांचा फोटो पाठवला. बर्फ पडून गेलेला, संध्याकाळ, सगळे दिवे लागलेले. आता ती नोकरी करते, कर्ज अजून फिटायचं आहे. सुट्टीच्या दिवशी तीच फिचबर्ग लाइनची गाडी पकडून एकटीच गेली होती. फोटोखाली लिहिलं होतं:

"मावशी, आत जाऊन आले. तुझं ड्रॉवर भिंतीवर दिसलं नाही म्हणून घाबरून काउंटरवर विचारलं. म्हणाले, कोठारात आहे."